आधी चूक दाखव म्हणणाऱ्या जगताप मॅडम

दिवाळी झाली की माझे आईवडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे ते मृगाच्या तोंडावर परत यायचे. आमचं गाव वडूजच्या पूर्वेला. दोन एकर माळ, त्यात बाजरी, तीही पाऊस झाला तर. वाटेत जिथं कळप बसेल तिथल्या शाळेत मला बसवायचे. चौथीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. पाचवीपासून चुलतीकडे राहिले. कॉलेजची फी भरायला वडिलांनी इतकी मेंढरं विकली की पुढच्या वर्षी स्वतःचा असा कळपच उरला नाही. दुसऱ्याच्या कळपामागं ते चालत गेले. घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालेलं नव्हतं. मी बीएस्सी कॉम्प्युटर झाले. कीव यावी म्हणून हे सांगत नाही. जगताप मॅडमसमोर मुलाखतीला बसले तेव्हा मी काय काय लपवून बसले होते, ते कळावं म्हणून सांगते.

साताऱ्यात एमआयडीसीकडे एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक धरून सहा माणसं. रक्त तपासणाऱ्या लॅब, कोल्ड स्टोरेज, लहान कारखाने यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. मुलाखतीला शिंदे सर, म्हणजे मालक, नावापुरते बसले होते. प्रश्न विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सुती साडी, रबरी चपला, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझ्यासमोर एक कॉम्प्युटर सरकवला. त्यावरचा प्रोग्रॅम उघडायला गेलं की इंग्रजीत एक चौकट यायची आणि सगळं बंद व्हायचं.

"काय करशील?"

मी चौकट झटकन बंद केली आणि पाठ केलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आधी अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करेन."

"घरातला दिवा लागला न्हाई तर घर पाडून परत बांधशील व्हय?"

मी चमकले. प्रश्नानं नाही, भाषेनं. तीन वर्षं साताऱ्याच्या होस्टेलवर मी तोंडातला प्रत्येक 'न्हाई' आणि 'व्हय' धुऊन काढला होता, आणि ही बाई मुलाखत घेताना खुशाल तसंच बोलत होती.

"आगं, ती चौकट काय म्हणतीय ते वाच की. त्या बिचाऱ्यानं सांगितलंय काय दुखतंय ते. तू न ऐकताच त्याचं तोंड दाबलंस."

मी चौकट परत आणली, वाचली. कुठली फाईल सापडत नाही तिचं नाव त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ती जागेवर ठेवली, प्रोग्रॅम उघडला. सहा महिने बघू, असं ठरून मला नोकरी मिळाली.

मॅडमचा पूर्वी कोरेगावला टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर बंद पडत गेले, मुलं येईनाशी झाली, तेव्हा छत्तिसाव्या वर्षी त्यांनी पुस्तक समोर ठेवून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. ग्रॅज्युएट नव्हत्या. त्याची लाज नव्हती आणि मिरवणंही नव्हतं. पुण्याच्या कंपनीशी फोनवर बोलायच्या तेव्हाही "आवं साहेब, तुमची फाईल हितं उघडंना" असंच. पलीकडचा आधी हसायचा, मग पाच मिनिटांत वही-पेन शोधायचा.

त्यांची एक सवय मी पहिल्या आठवड्यात पाहिली आणि चक्रावून गेले. कुठल्याही ऑफिसात तक्रार बघायला गेल्या की त्या तिथल्या माणसाला उठवायच्या नाहीत. त्याच्या मागं एक खुर्ची ओढायच्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. "तुमी रोज करता तसं करा. मी न्हाईच असं समजा." तासतासभर तशा. मी विचारलं, हात का दाबता? म्हणाल्या, "मोकळं सोडलं की ते आगाऊपणा करत्यात. माऊस हिसकावून घेत्यात. मग माणूस काय करत हुता ते कुणाला दिसणार?"

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य गिऱ्हाइकांसाठी होतं. प्रत्येक फोनवर पलीकडून हमखास ऐकू यायचं, "आम्ही काही केलं नाही, आपोआप बंद पडलं." मॅडम फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघून म्हणायच्या, "कायबी केलं न्हाई म्हंजे कायतरी केलंय." आणि मग फोनमध्ये अगदी मायेनं, "व्हय, व्हय, तुमी कशाला काय कराल. पर त्याच्या आधी काय चाललं हुतं तेवढं सांगा."

तासगावला एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आप्पा म्हणून म्हातारे गृहस्थ कॉम्प्युटर सांभाळायचे. त्यांचं सेव्हचं बटण एका सकाळी दिसेनासं झालं. मी अख्खा दिवस फोनवर घालवला. प्रोग्रॅम काढला, घातला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. बटण काही परत येईना. संध्याकाळी मॅडमनी फोन घेतला.

"आप्पा, नजर कशी हाय आता?"

"आता झ्याक दिसतंय बघा. सूनबाईनं अक्षरं मोठी करून दिली काल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरची अक्षरं मोठी झाली, त्यांनी जागा खाल्ली, बटण खालच्या कडेबाहेर ढकललं गेलं. "अक्षरं परत बारीक करायला सांगू?" मी विचारलं. "त्यास्नी दिसतंय ते बी काढून घेशील? खिडकीला वर-खाली सरकायची सोय कर. चूक आपल्या खिडकीची हाय, आप्पांच्या डोळ्याची न्हाई."

शिरवळच्या एका कारखान्यात रिपोर्टचं बटण दाबलं की पडदा पांढरा व्हायचा, गोठायचा. तिथला माणूस चिडून आणखी दहादा दाबायचा. मला पुस्तकातलं कारण माहीत होतं, पण ते त्याला सांगता येईना. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमच्या कॅन्टीनमदी एकच माणूस आर्डर घ्यायला बी आणि भजी तळायला बी ठेवला, तर तो कढईपुढं असताना टेबलावर कोण इचारंल? तसं झालंय. ही पोरगी आता तळायला येगळा माणूस ठेवील." तो हसला. मला तीन दिवस लागले, पण तळायला वेगळा माणूस ठेवला: रिपोर्ट मागं आपला तयार होत राहतो, पडदा मोकळा.

आणि आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी त्यांचा एकच कायदा होता. दुरुस्त केलं म्हणून कुणी सांगायला गेलं की विचारायच्या, "आधी चूक दाखव. दाखवता येईना? मग दुरुस्त काय केलंस?"

सहा महिने पुरे व्हायला तीन आठवडे उरले होते तेव्हा सांगलीची भानगड झाली.

तिथल्या एका लॅबसाठी रक्ताच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर केलं होतं. त्यातला पेशंटच्या नोंदीचा भाग पूर्ण माझा. माझं पहिलंच स्वतंत्र काम, त्यामुळं जरा जास्तच प्रेमाचं. मॅडम पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, त्या दिवशी लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. तासगावकडच्या एका गावच्या बायकांचं रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. त्यातल्या मंगल पाटील नावाच्या बाईचं दुसऱ्या दिवशी गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. आमच्या छापील रिपोर्टवर हिमोग्लोबिन बारा, म्हणजे चांगलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी बाईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आत पांढरंफटक दिसलं, आणि ऑपरेशन थांबवलं. परत रक्त तपासलं तर सात.

"तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बदलतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "शक्यच नाही, मॅडम. तुमच्या टेक्निशियनकडून रक्ताच्या नळ्या बदलल्या असतील."

इतकं सोपं होतं ते वाक्य. टेक्निशियन रफिकभाई, त्या लॅबमध्ये वीस वर्षं. त्यांना मी एकदा भेटले होते. डॉक्टरबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून नळ्यांना हात लावू दिला नाही. नुसतं नोंदीला बसवलं. आठवड्यानं काय ते ठरवू, म्हणाल्या.

मॅडम परत आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नळ्या बदलताना तू बगितलंस?"

"नाही. पण मी दोनशे पेशंट टाकून तपासलंय. कुठं चूक येत नाही."

"तू तपासलंस ते हितं. चूक झाली तिथं. चल."

एसटीत कराडपर्यंत मी माझी बाजू मांडत होते. कोड असा आहे, तपासणी अशी केली. कराडच्या स्टँडवर पेरू घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "आपण वकिली करायला न्हाई चाललो. बघायला चाललोय."

लॅबमध्ये रफिकभाईंच्या मागं मॅडमनी खुर्ची ओढली, हात मांड्यांखाली घातले. मी शेजारी उभी. रफिकभाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पेशंट येत होते, नाव, जन्मतारीख, डॉक्टर. तास झाला, काही नाही. दीड तास. मला मनातून बरं वाटायला लागलं होतं, हे खोटं कशाला सांगू. सॉफ्टवेअर नीट चाललं होतं, म्हणजे माझी नोकरी राहणार होती. रफिकभाईंचं काय, हे मी मनात येऊ देत नव्हते.

"भाई, त्या शिबिराची यादी हाय का? हातानं लिवलेली?" मॅडमनी विचारलं.

गावच्या आशाताईंनी आधार कार्डं बघून लिहिलेली चार पानं होती. मॅडमनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि चक्क हसायला लागल्या. पान माझ्यापुढं धरलं.

"ह्यात काय दिसतंय?"

मी पाहिलं. नावं, तारखा. सगळं बरोबर.

"तुझी जन्मतारीख काय गं?"

"एक जून."

"भावाची?"

"एक जून."

"आईची?"

"आईची पण..." आणि मी यादीवरून परत वरपासून बोट फिरवायला लागले.

"माझी बी एक जून, मॅडम," रफिकभाई पहिल्यांदाच बोलले.

"माझी बी," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरबाई दारात आल्या होत्या. "माझी चौदा ऑगस्ट," त्या गोंधळून म्हणाल्या.

"तुमी दवाखान्यात जन्मलाय, डॉक्टर. आमी गुरुजींच्या टेबलावर."

यादीत वरपासून खालपर्यंत एक जून होता. जन्म कुणी लिहून ठेवलेला नसायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी शाळेच्या हिशोबानं एक जून टाकून मोकळे व्हायचे. मी तर कळपाबरोबर वाटेत जन्मलेली. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर ती तारीख लिहिली. आणि प्रोग्रॅम लिहायला बसले तेव्हा तपासणीसाठी इंटरनेटवरून तयार यादी उतरवून घेतली. दोनशे शहरी नावं, प्रत्येकाचा वाढदिवस वेगळा. पेशंट दुसऱ्यांदा आला तर त्याची माहिती परत भरावी लागू नये म्हणून मी नियम घातला होता: नाव आणि जन्मतारीख जुळली की तोच माणूस. त्या यादीवर नियम कधीच चुकला नसता. माझ्या स्वतःच्या गावात तो पहिल्या दिवशी चुकला असता.

"आता दाखव," मॅडम म्हणाल्या.

शिबिराच्या यादीत मंगल शिवाजी पाटील दोन होत्या. नवऱ्याचं नाव एक, जन्मसाल एक, तारीख अर्थात एक जून. मी पहिली मंगल टाकली, सात लिहिलं. दुसरी मंगल टाकली. माझ्या प्रोग्रॅमनं काही न विचारता पहिलीचंच कार्ड उघडलं. बारा लिहिलं. छापलं. दोन्ही कागदांवर बारा.

"दिसली," मॅडम म्हणाल्या. मग उठल्या, पर्स खांद्याला लावली. "मी भाईर बसते."

"डॉक्टरांना तुम्ही सांगणार ना?"

"टेक्निशियनची चूक म्हणून फोनवर मी सांगितलं हुतं व्हय?"

डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. मी दोन्ही कागद हातात घेतले. होस्टेलवर कमावलेलं माझं सगळं मराठी कुठं पळालं कुणास ठाऊक. "डॉक्टर, भाईंनी नळ्या बदलल्या न्हाईत. माझ्या प्रोग्रॅमनं दोन बायांना एक बाई केलं. चूक माझी हाय. मी न बघता त्यांचं नाव घेतलं." मग भाईंकडे वळून म्हणाले, "भाई, माफ करा."

रफिकभाईंनी लगेच माफ केलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "चार दिवस घरात बायको इचारतीय, खरंच बदलल्या का हो नळ्या तुमी? तिला काय सांगू, तुमचा कागद दाखवू?" मी म्हणाले, दाखवा. काय झालं ते लिहून खाली सही करून दिली. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं. "नोंदी राहू द्या. तुम्ही आत नळ्यांपाशी जा," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं होतं आता साताऱ्याला परत. मॅडम म्हणाल्या, "कुठं? आजवर कितीजणी अशा दोघींच्या एक झाल्यात ते कोण काढणार?" तीन दिवस आम्ही त्यांच्या मावसबहिणीकडे मिरजेला राहिलो. नळ्यांची वही आणि कॉम्प्युटरमधली कार्डं एकेक जुळवून पाहिली. आणखी काही जोड्या निघाल्या. प्रत्येकीला डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं, रक्त परत घेतलं. त्यातल्या एका बाईची साखर वाढलेली निघाली; तिच्या हातात दोन महिने दुसरीचा चांगला रिपोर्ट होता. तिचं औषध त्या आठवड्यात सुरू झालं.

शिंदे सरांना वेगळी काळजी. हेच सॉफ्टवेअर आणखी लॅबना दिलं होतं. "गुपचूप नवीन व्हर्जन टाकून येऊ," ते म्हणाले. मॅडमनी ऐकलं नाही. "सर, कार्डं तपासायची तर त्यास्नी सांगावंच लागंल. आन् आपण सांगायच्या आधी त्यांच्यातल्या कुणाला मंगल पाटील भेटली तर?" सगळ्या लॅबना मीच फोन केले. एकानं शिव्या घातल्या आणि सॉफ्टवेअर काढून टाकलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि कार्डं तपासायला दिली.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. प्रत्येक पेशंटला स्वतःचा नंबर, तोच नंबर नळीवर. नाव-तारीख जुळली तर प्रोग्रॅम आता थांबतो आणि मराठीत विचारतो: या आधी आलेल्या त्याच बाई आहेत का? खाली गाव, फोन, मागची भेट. मी तपासणीची नवी यादी केली. आमच्या गावची, चुलतीच्या गावची, आईच्या माहेरची सगळी माणसं तिच्यात घातली. मॅडमनी यादी वाचली आणि त्यात आणखी तीन मंगल पाटील वाढवल्या.

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी मी घाबरतच विचारलं, माझं काय? मॅडम कॉम्प्युटरमधून डोकं न काढता म्हणाल्या, "चूक दाखवता आली तुला. स्वतःची. आता कामाला लाग."

त्यांच्या हाताखाली मी पाच वर्षं होते. बोटांचे सांधे दुखायला लागले तसं त्यांनी टाइप करणं सोडलं, मग येणंही. निरोप-समारंभाला त्या नाहीच म्हणाल्या. शेवटच्या दिवशी दुपारी वाईचा एक फोन आला तो मला घ्यायला लावला आणि पूर्ण वेळ पेरूच्या फोडी खात ऐकत बसल्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "एक प्रश्न जास्ती इचारलास. चालतंय." आणि साडेपाचची कोरेगाव गाडी पकडून गेल्या. आता शेतात घर बांधून राहतात. फोन केला तर कॉम्प्युटरचं काही विचारत नाहीत, आईची तब्येत विचारतात.

मंगल पाटील यांना रक्त चढवून तीन आठवड्यांनी त्यांचं ऑपरेशन झालं, त्या बऱ्या झाल्या. रफिकभाई त्याच लॅबमध्ये आहेत, आता तिथले मुख्य टेक्निशियन. आमच्या ऑफिसात प्रोग्रॅमिंगची प्रमुख मी आहे. आमचं सॉफ्टवेअर सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बऱ्याच तालुक्यांच्या गावी चालतं, आणि त्या दुरुस्तीनंतर एकाही बाईचा रिपोर्ट दुसरीच्या हातात गेलेला नाही.